काचीगुड्याचं स्थानक बिलोलीच्या मुलांना दाखवा

प्रति,
माननीय महाव्यवस्थापक,
दक्षिण मध्य रेल्वे, रेल निलयम, सिकंदराबाद

विषय: धर्माबाद ते काचीगुडा अशी शाळकरी मुलांची एक दिवसाची इतिहास-सहल

महोदय,



मी नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीचा रहिवासी. दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातल्या शाळांत सहलीची बोलणी सुरू होतात. एसटीची गाडी ठरते, पालकांकडून पैसे गोळा होतात आणि मुलं वेरूळ, अजिंठा, रायगड, प्रतापगड पाहून येतात. ही सगळी ठिकाणं पाहायलाच हवीत, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण आमच्या गावापासून रायगडाच्या निम्म्याहूनही जवळ, धर्माबादहून रेल्वेनं चार तासांच्या आसपास, दोन वास्तू अशा आहेत की ज्यांचा आमच्या आजोबा-पणजोबांच्या आयुष्याशी थेट संबंध होता. त्यांचं नाव सहलीच्या यादीत मी कधी वाचलं नाही. एक काचीगुड्याचं रेल्वे स्थानक आणि दुसरी हैदराबादचा चौमहल्ला राजवाडा.

या दोन्ही वास्तू बिलोलीच्या मुलांनी एका दिवसात पाहाव्यात आणि त्यासाठी रेल्वेनं हात पुढे करावा, एवढंच मागण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. बिलोलीला रेल्वे आणा, असं हे निवेदन नाही. त्या मागणीची निवेदनं आमच्याकडून आपल्या कार्यालयात पुष्कळ आली असतील आणि पुढेही येतील. आज मागतो आहे ते फार थोड्या खर्चाचं आहे.

बिलोलीचं स्थानक म्हणजे धर्माबाद. नव्वदच्या दशकाच्या शेवटी धर्माबाद वेगळा तालुका झाला. त्याआधी ते आमच्याच तालुक्यातलं मोठं बाजाराचं गाव, मिरचीच्या व्यापारासाठी दूरवर ओळखलं जाणारं. बिलोलीहून कुंडलवाडीवरून धर्माबादला जायचं तर पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता आहे आणि वाटेत गोदावरी लागते. मग गाडीत बसलं की बासरला पुन्हा तीच गोदावरी पुलावरून ओलांडायची. एकदा रस्त्यानं, एकदा रुळांवरून. सातवी-आठवीच्या मुलाला भूगोलाच्या पुस्तकातली ही नदी एका सकाळी दोनदा पाहायला मिळते, हेसुद्धा मला या सहलीतलं मोठं देणं वाटतं. पुढे निजामाबाद, कामारेड्डी, मेडचल, बोलारम, मलकाजगिरी आणि मग काचीगुडा.

हा मार्ग कसा आला ते आपल्याला माहीत असेलच, पण पत्र खुलं असल्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगतो. निजामाच्या राज्याची स्वतःची पहिली रेल्वे आली १८७४ साली, वाडीपासून सिकंदराबादपर्यंत. पुढे ही रेल्वे वाढवायचं ठरलं तेव्हा निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. भांडवल लंडनच्या बाजारातलं आणि त्यावरच्या व्याजाची हमी निजाम सरकारच्या खजिन्याची. हा व्यवहार सगळ्यांना मान्य नव्हता. १८८३ साली चांदा रेल्वेची योजना पुढे आली तेव्हा हैदराबादेतल्या काही सुशिक्षितांनी तिच्याविषयी उघडपणे प्रश्न विचारले. सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि मुल्ला अब्दुल कय्यूम हे त्यांतले. त्यासाठी अघोरनाथांना राज्याबाहेर घालवण्यात आलं. सार्वजनिक पैसा कुठे आणि कोणाच्या फायद्यासाठी जातो हे विचारण्याची हैदराबाद राज्यातली ही अगदी सुरुवातीची घटना आणि ती रेल्वेवरून घडली. आमच्या मुलांनी नागरिकशास्त्र शिकताना हे ऐकलं पाहिजे.

सिकंदराबाद-मनमाड हा मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्यानं सुरू झाला. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे असं त्याचं नाव, लांबी सुमारे ३९० मैल. नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद ही मराठवाड्याची गावं या एका रेषेनं हैदराबादला आणि मनमाडमार्गे मुंबईला जोडली गेली. त्याच काळात, १८९९-१९०० साली, मराठवाड्यानं भीषण दुष्काळ सोसला. व्याजाची हमी ज्या खजिन्यातून पाळली जात होती, तो खजिना मुख्यतः शेतसाऱ्यावर भरत होता. बिलोली, देगलूर, कंधार, मुदखेडकडच्या कुणब्यानं भरलेला सारा त्यात होता. म्हणून ही रेल्वे आम्हाला कोणी दिलेली भेट आहे, असं मला मुलांना सांगायचं नाही. ती आपल्या घामानं उभी राहिली, असं सांगायचं आहे. काचीगुड्याच्या इमारतीसमोर उभं राहून हे सांगितलं तर ते मनात राहील. वर्गात सांगून ते तितकं पोचत नाही.

त्या इमारतीबद्दल थोडं सविस्तर लिहितो. काचीगुडा स्थानक १९१६ साली बांधलं गेलं, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात. आराखडा व्हिन्सेंट एश या इंग्रज वास्तुविशारदाचा. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या पुरानं हैदराबाद उद्ध्वस्त केलं, त्यानंतर शहर नव्यानं उभारण्याचं मोठं काम सुरू झालं. हायकोर्ट, उस्मानिया दवाखाना, सिटी कॉलेज या नदीकाठच्या इमारती एश यांच्याच. काचीगुडा त्याच कुटुंबातलं. मध्ये मोठा घुमट, दोन्ही बाजूंना लहान घुमट, सोबत मिनार आणि खालच्या कमानींत युरोपच्या गॉथिक शैलीची छाया. समोरून पाहणाऱ्याला हे स्थानक आहे की राजवाडा असा प्रश्न पडावा, अशी ती रचना आहे. निजामाच्या रेल्वेचं मुख्यालय इथं होतं. आमच्याकडची जुनी माणसं हैदराबादला जायचं म्हणजे काचीगुड्याला उतरायचं, असंच बोलत.

या स्थानकात पडदानशीन बायकांसाठी वेगळी सोय केलेली होती. परक्या पुरुषाच्या नजरेस न पडता त्यांना गाडीपर्यंत जाता यावं म्हणून. आज आमच्या तालुक्यातल्या शाळांतल्या मुली पाठीला दप्तर लावून त्याच फलाटावर उतरतील. शंभर वर्षांत काय काय बदललं, हे त्यांना कोणी वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. शिक्षिकेनं फक्त ती जागा दाखवावी आणि मुलींना प्रश्न विचारू द्यावेत.

स्थानकाच्या आवारात रेल्वेच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय आहे. निजामाच्या रेल्वेच्या काळातल्या वस्तू आणि छायाचित्रं तिथं पाहता येतात. मला वाटतं, आमच्या मुलांसाठी तिथं मराठीत एक फलक असावा. ज्या रेल्वेचा मोठा भाग मराठी मुलखातून जात होता, तिच्या संग्रहालयात औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड, उमरी, धर्माबाद ही नावं देवनागरीत आणि मराठी वाक्यांत वाचायला मिळावीत. शिवाय काचीगुड्याच्या आसपास, सुलतान बाजार, बडी चावडी या भागात मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत आली. केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी केलेली विवेक वर्धिनी ही शाळा याच परिसरात आहे. राज्याचा कारभार उर्दूत चालत असताना मराठी मुलांना मराठीतून शिकता यावं म्हणून या माणसांनी काय केलं, हेही त्या दिवसाचा भाग होऊ शकतं.

नांदेडचे नरहर कुरुंदकर शिकायला हैदराबादेत होते, सिटी कॉलेजात. त्यांचे मामा डॉ. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. मराठवाड्यातल्या शिकू पाहणाऱ्या मुलाला त्या काळी हैदराबादच गाठावं लागे आणि नांदेडकडून तिथं नेणारी वाट म्हणजे हीच रेल्वे. मलकाजगिरीहून काचीगुड्याकडे येताना सीताफळमंडीनंतर आर्ट्स कॉलेज आणि जामिया उस्मानिया ही छोटी स्थानकं लागतात. १९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यावर बंदी आली आणि ती न मानणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं. त्यांच्यापैकी अनेकांना पुढे नागपूर विद्यापीठानं सामावून घेतलं. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. गाडी त्या स्थानकांवरून जाताना शिक्षकांनी दोन मिनिटं ही गोष्ट सांगितली तर खिडकीबाहेरची पाटी मुलांच्या लक्षात राहील.

काचीगुड्याहून चौमहल्ल्याला जायला लोकल आहे. एमएमटीएसची गाडी मलकपेट, डबीरपुरा, याकूतपुरा करत फलकनुम्याला जाते. याकूतपुऱ्याला उतरून चारमिनारच्या दिशेनं पुढे गेलं की जुनं शहर सुरू होतं. चारमिनार १५९१ चा, निजामांच्या राजवटीच्या कितीतरी आधीचा, कुतुबशाही काळातला. मुलांचा इथं नेहमी गोंधळ होतो. हैदराबादेतलं सगळं जुनं बांधकाम निजामाचं, असं त्यांना वाटतं. तोही गैरसमज जागेवर दूर होईल. चारमिनारपासून चौमहल्ला चालत जाण्याइतका जवळ आहे.

चौमहल्ल्याचं बांधकाम अठराव्या शतकाच्या मध्यात सलाबत जंग यांच्या काळात सुरू झालं आणि पाचवे निजाम अफजल-उद्-दौला यांच्या काळात, १८५७ नंतरच्या दशकात पुरं झालं. मूळ आवार पंचेचाळीस एकरांचं होतं, आज बारा-चौदा एकर उरलं आहे. दक्षिणेच्या चौकात हौदाभोवती चार महाल आहेत: अफजल, तहनियत, महताब आणि आफताब. उत्तरेला खिलवत मुबारक, म्हणजे दरबाराची जागा. संगमरवरी चौथरा, त्यावर निजामाचं आसन आणि छताला बेल्जियमच्या काचेची १९ झुंबरं. राज्यारोहण इथं होई, सणासुदीचे दरबार इथं भरत, सरदार, जहागीरदार आणि अधिकारी इथंच नजर पेश करत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा राजवाडा पार मोडकळीला आला होता. निजामाच्या नातसून प्रिन्सेस एसरा यांनी त्याच्या जीर्णोद्धाराचं काम हाती घेतलं आणि २००५ पासून तो लोकांसाठी खुला झाला. २०१० साली या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला. जुन्या वास्तूची नीट देखभाल केली की ती पुन्हा जिवंत होते, हे मुलांनी पाहणं फार गरजेचं आहे. कारण आमच्याकडेही जुनं बांधकाम कमी नाही. बिलोलीत नवाब सर्फराजखानांच्या नावानं ओळखली जाणारी दगडी मशीद आहे, देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं आहेत, कंधारला राष्ट्रकूटांच्या काळापासून चालत आलेला किल्ला आहे. हैदराबादहून परतलेलं मूल आपल्या गावातल्या दगडाकडे वेगळ्या नजरेनं पाहील, अशी माझी खात्री आहे.

राजवाड्यात जुन्या मोटारीही ठेवल्या आहेत. १९१२ ची पिवळी रोल्स रॉइस पाहून मुलांना आनंद होईल आणि व्हायलाच हवा. मात्र त्या आनंदासोबत एक प्रश्नही शिक्षकांनी विचारावा: हे सगळं कुठून आलं? १९३७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकानं उस्मान अली खानांचं चित्र मुखपृष्ठावर छापलं, जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. राज्याची जमीन तीन वाट्यांत विभागलेली होती: सरकारी दिवाणी मुलूख, सरदारांच्या जहागिऱ्या आणि सर्फ-ए-खास, म्हणजे खुद्द निजामाच्या खर्चाची जमीन. जहागिरीतल्या कुणब्याला तर जहागीरदार म्हणजेच सरकार. ही रचना १९४९ नंतर मोडली. आजच्या मुलांना सातबारा माहीत आहे. त्याच्या मागची ही कहाणी त्यांना कोणी सांगत नाही. मागच्या वर्षा-दोन वर्षांत आरक्षणाच्या चर्चेमुळे हैदराबाद गॅझेट हा शब्द मराठवाड्याच्या घराघरात पोचला. नोंदी कुठे सापडतात, कोणत्या भाषेत आहेत, कोणत्या तालुक्याच्या आहेत, हे आता चहाच्या टपरीवरही बोललं जातं. अशा वेळी ज्या राज्यात त्या नोंदी झाल्या, त्या राज्याची राजधानी आमच्या मुलांना फक्त दवाखान्यासाठी आणि लग्नाच्या बस्त्यासाठी माहीत असावी, हे मला योग्य वाटत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. काही पालक म्हणतील, निजामाचा राजवाडा मुलांना कशाला दाखवायचा? त्या राजवटीत आपल्या माणसांचा छळ झाला. ही भावना खरी आहे आणि तिचा मान ठेवूनच मी लिहितो आहे. बिलोलीजवळ अर्जापूर आहे. ऑक्टोबर १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांची तिथं हत्या झाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात मराठवाड्यानं दिलेला पहिला बळी म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांचं स्मारक आमच्या मुलांच्या रोजच्या ओळखीचं आहे. धर्माबादहून नांदेडच्या दिशेला निघालं की उमरी लागतं. ३० जानेवारी १९४८ रोजी तिथली बँक लढ्यातल्या तरुणांनी लुटली, सशस्त्र लढ्याला पैसा हवा होता म्हणून. संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, त्याच दिवशीची ही घटना. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. दरवर्षी त्या दिवशी आमच्या शाळांत झेंडा लागतो, भाषणं होतात.

मला वाटतं, ज्यानं अर्जापूरचं स्मारक पाहिलं आहे त्यानं चौमहल्ला जरूर पाहावा. दरबाराच्या त्या चौथऱ्यासमोर उभं राहिल्याशिवाय पानसरे आणि त्यांचे सोबती कशासमोर उभे राहिले हे नीट कळत नाही. झुंबरांचं कौतुक करावं, कारागिरांच्या हाताला दाद द्यावी आणि त्याच ठिकाणी साऱ्याचं, रझाकारांचं, तुरुंगात गेलेल्यांचंही बोलावं. दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या मनात एकाच वेळी राहू शकतात. आमच्या सीमाभागातली मुलं घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि शेजाऱ्याशी दखनी बोलतात. गुंतागुंतीचा इतिहास पेलायला ती तयार आहेत. त्यांना तो अर्धाच सांगणारे आपणच आहोत.

फलकनुमा राजवाड्याचा उल्लेख न करणं बरोबर होणार नाही. टेकडीवरचा तो राजवाडा विकार-उल-उमरा यांनी १८८४ मध्ये बांधायला घेतला आणि पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांनी तो आपल्याकडे घेतला. तिथलं १०१ माणसांचं जेवणाचं टेबल प्रसिद्ध आहे. २०१० पासून तिथं मोठं हॉटेल चालतं. शाळेच्या सहलीनं तिथं जायची गरज नाही. चौमहल्ला आमच्या एका दिवसाला पुरेसा आहे.

आता रेल्वेनं काय करावं ते सांगतो.

ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांच्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा अभ्यास सहलीसाठी दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात ७५ टक्के सवलत देण्याची तरतूद रेल्वेच्या नियमांत आहे. ही फार मोठी गोष्ट आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मजुराच्या मुलाला हैदराबाद पाहायला एसटीच्या सहलीपेक्षा कमी खर्च येऊ शकतो. पण ही तरतूद आमच्याकडच्या किती मुख्याध्यापकांच्या हाती कागदाच्या रूपात पोचली आहे? आपल्या कार्यालयानं ती मराठीत छापून, अर्जाच्या नमुन्यासह, सीमेवरच्या तालुक्यांतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जूनमध्येच पाठवावी. अर्ज कुठे द्यायचा, किती दिवस आधी द्यायचा, सोबत कोणते दाखले लागतात, एवढं त्यात असलं तरी पुरे. शाळा मोठ्या गाडीतल्या आरक्षणाला घाबरतात, कारण साठ-सत्तर मुलांना एकत्र जागा मिळेल याची खात्री नसते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत काही ठरावीक दिवशी काचीगुड्याकडे जाणाऱ्या एखाद्या गाडीला धर्माबादपासून एक डबा शाळांसाठी राखून ठेवता आला तर बहुतेक अडचण मिटेल.

परतीच्या वेळेचाही प्रश्न आहे. संध्याकाळी हैदराबाद सोडलं की धर्माबादला उतरेपर्यंत रात्र होते. लहान मुलांना घेऊन तिथून बिलोली, कुंडलवाडी, सगरोळीकडे जायचं तर गाडीची सोय आधीच हवी. इथं मला आपल्याच रेल्वेचा इतिहास आठवतो. १९३० साली निजाम सरकारनं कंपनीकडून रेल्वे विकत घेतली आणि १९३२ मध्ये त्याच रेल्वेनं रस्त्यावरची बससेवा सुरू केली, २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांवर. आजच्या तेलंगणातल्या सरकारी बससेवेचं मूळ तेच. रेल्वे आणि बस एकाच खात्यात, एकमेकींना धरून चालाव्यात, हा विचार नव्वद वर्षांपूर्वी याच प्रदेशात अमलात आला होता. आज आपली खाती वेगळी आहेत, राज्यंही वेगळी आहेत. तरी सहलीच्या ठरलेल्या दिवशी रात्रीच्या गाडीला एसटीची एक बस जोडून द्यायला रेल्वेच्या एका पत्राचीच गरज आहे. आपल्या कार्यालयाकडून ते पत्र गेलं तर त्याला वजन येईल.

याला जोडूनच धर्माबाद स्थानकाबद्दल सांगायचं आहे. अमृत भारत स्थानक योजनेच्या यादीत धर्माबाद आणि उमरी ही दोन्ही नावं आहेत. शिवाय ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मुदखेड-मेडचल मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. या दोन्ही कामांचं आम्ही मनापासून स्वागत करतो. दुसरी लाइन आली तर आमच्या गाड्या क्रॉसिंगसाठी ताटकळणार नाहीत. पण नवं बांधताना जुनं नकळत मोडलं जातं. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं तेव्हा बरंच गेलं. आता जे काही उरलं असेल, जुनी दगडी भिंत असेल, पाण्याची टाकी असेल, पुलावरची तारीख कोरलेली शिळा असेल, निजामाच्या रेल्वेची अक्षरं असलेला रुळाचा तुकडा असेल, त्याची काम सुरू होण्याआधी नोंद व्हावी. हलवता येण्याजोगं ते स्थानकातच एका कोपऱ्यात मांडावं. नव्या इमारतीच्या भिंतीवर रंगीत चित्रं काढायचं ठरलं तर त्यातली एक भिंत या मार्गाच्या गोष्टीला द्यावी. मराठी, तेलुगू आणि उर्दू, तिन्ही भाषांत. १९०० च्या आसपास पहिली गाडी, १९४८ चं उमरी, १९५१ साली ५ नोव्हेंबरला निजामाच्या रेल्वेचं मध्य रेल्वेत झालेलं विलीनीकरण, २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वेची स्थापना आणि मग ब्रॉडगेज. गाडीची वाट पाहणारा माणूस ते वाचेल. सहलीला निघालेली मुलं तर पहिला धडा गाडीत चढण्याआधीच वाचतील.

मजकूर लिहायला माणसं आमच्याकडे आहेत. नांदेड, देगलूर, धर्माबादच्या महाविद्यालयांत इतिहासाचे प्राध्यापक आहेत, मुक्तिसंग्रामातल्या कुटुंबांकडे कागदपत्रं आणि आठवणी आहेत. जुनी उर्दू कागदपत्रं वाचू शकणारे वयस्क लोक अजून आहेत, पण त्यांची संख्या दरवर्षी कमी होते. त्यांच्या हयातीत हे काम झालं तर ते अचूक होईल. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता ही मंडळी मदत करतील, हे मी खात्रीनं सांगू शकतो. रेल्वेनं भिंत आणि परवानगी द्यावी.

पहिल्या वर्षी सगळ्या तालुक्यांच्या शाळा नकोत. बिलोली, धर्माबाद आणि उमरी या तीन तालुक्यांतल्या काही जिल्हा परिषद शाळांपासून सुरुवात करावी. सातवी-आठवीचे वर्ग घ्यावेत, कारण त्या वयाची मुलं प्रश्न विचारतात आणि दिवसभर चालूही शकतात. काचीगुड्यात रेल्वेच्या एखाद्या जुन्या कर्मचाऱ्यानं त्यांना तासभर स्थानक दाखवावं: घुमट, जिना, जुना प्रतीक्षालयाचा भाग, संग्रहालय. सिग्नल कसा पडतो, गार्ड काय करतो, मीटरगेज आणि ब्रॉडगेजमध्ये किती फरक असतो, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहावं. आमच्या तालुक्यातल्या पुष्कळ मुलांनी रेल्वे पाहिली आहे ती धर्माबादच्या फाटकावर थांबून. त्यांच्यातल्या कोणाला पुढे इंजिन चालवावंसं वाटलं, कोणाला पूल बांधावासा वाटला, कोणाला जुने कागद वाचावेसे वाटले, तर त्याची सुरुवात त्या तासाभरात झालेली असेल.

आपल्या अधिकाऱ्यांपैकी कोणाला याबाबत बोलायचं असेल तर बिलोलीत आम्ही शिक्षक, पालक आणि ग्रामपंचायतींचे लोक एकत्र बसवू. तारखा ठरवताना एवढं लक्षात असू द्यावं की चौमहल्ला शुक्रवारी बंद असतो आणि जानेवारीच्या शेवटापासून शाळांत परीक्षांची तयारी सुरू होते. डिसेंबरचे पहिले तीन आठवडे सर्वांत सोयीचे.

आपला,
बिलोलीचा एक रहिवासी